चर्चेअंती मंजूर

बाई,

काल संध्याकाळी सहा वाजता लोकसभेनं उरलेल्या सगळ्या खात्यांच्या मागण्या एका दमात मंजूर केल्या. मी इथे लाखनीला घरच्या टीव्हीसमोर वही घेऊन बसले होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण अर्थसंकल्पाच्या दिवसांत वही काही सुटत नाही. अध्यक्षांनी मागण्यांचे क्रमांक वाचले, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं असं म्हटलं, होयचा आवाज उठला, नाहीचा त्याहून बारीक उठला, आणि संपलं. माझ्या कपातला चहा अजून कोमट होता. काही खात्यांवर आधी दिवस दिवस चर्चा झाली होती. बाकीच्यांची पाळी येण्याआधी ठरलेले दिवस संपले, म्हणून त्यांची मागणी कोणी एक शब्दही न बोलता मताला गेली. याला गिलोटिन म्हणतात हे मी सगळ्या जगाला समजावून सांगू शकते, तुम्हाला नाही. हा शब्द मी पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकला, पवनीच्या शाळेत, नववीच्या वर्गात. यावर आज चार वाजेपर्यंत लेख द्यायचा आहे. तीनशे शब्द झालेत. बाहेर हायवेवर ट्रक चालू आहेत, आणि मी लेख बाजूला ठेवून तुम्हाला लिहायला बसले आहे.

नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेली पंचवीस-तीस पानं. बाकीचे शिक्षक ती परीक्षेच्या आठवड्यात उरकायचे. तुम्ही मात्र जूनमध्ये इतिहासाच्या आधी तीच काढायचात. मुलं कुरकुरायची, तेव्हा तुम्ही म्हणायचात, "राजे गेले बापा, त्यांची घाई नाही. हे चालू आहे." आणि त्या वर्षी तुम्ही मुख्याध्यापकांकडून एक परवानगी काढून आणलीत. गॅदरिंगसाठी आमच्या वर्गाची जी वर्गणी जमली होती, तिचा खर्च कसा करायचा ते वर्ग स्वतः ठरवेल, आणि संसद ठरवते त्याच रीतीनं ठरवेल. वर्गात सतरंजीवर लोकसभा बसली. बाहेर व्हरांड्यात बारा जणांची राज्यसभा. तुम्ही टेबलामागे, अध्यक्ष. किराणा दुकानदाराचा मुलगा हिशोबात पक्का, म्हणून तो अर्थमंत्री. त्यानं नाटकाचा पडदा, पेट्रोमॅक्स, जेवण अशा मागण्या वहीत लिहून आणल्या आणि उभं राहून वाचल्या. त्याच्या आवाजात इतका रुबाब होता की पहिल्या रांगेतल्या एकानं चक्क "जी साहेब" म्हटलं.

तो आठवडा मला आजही क्रमानं आठवतो, कारण पुढे दिल्लीत जे पाहिलं ते सगळं आधी तिथे पाहिलं होतं. एका मुलीनं जेवणात जिलबी वाढवा अशी सूचना दिली. तुम्ही ती फेटाळलीत. सभागृहाला मागणी कमी करता येते, नाकारता येते, वाढवता येत नाही. "काहून नाही?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली. तुम्ही उलट वर्गालाच विचारलंत. मग अर्थमंत्रीच म्हणाला, "सगळेच वाढवतीन तं मी पैसा कुठून आणू?" तुम्ही खडू खाली ठेवून त्याच्याकडे पाहून हसलात. व्हरांड्यातल्यांचा वेगळाच राग. पैशाचं विधेयक त्यांच्याकडे गेलं की त्यांनी ते चौदा मिनिटांत परत करायचं, खऱ्या राज्यसभेला चौदा दिवस असतात म्हणून. ते शिफारस करू शकतात, अडवू शकत नाहीत. एकजण दारातून ओरडला, "मंग आम्हाले ठेवलं कायले?" तुम्ही शांतपणे सांगितलंत की वर्गातली लोकसभा एका दिवशी बरखास्त होईल, व्हरांडा कधीच बरखास्त होत नाही, त्यातले एक तृतीयांश दर दोन वर्षांनी बदलतात, म्हणून घराला एक कोपरा असा लागतो की जिथे कोणीतरी कायम जागं आहे. त्याला ते पटलं की नाही माहीत नाही, पण मधल्या सुट्टीतही तो व्हरांडा सोडून गेला नाही.

माझं भांडण जेवणाच्या मागणीशी होतं. वहीत लिहिलं होतं, 'स्वयंपाक: वर्गातील मुली.' मुलं नाटकाच्या तालमीला, आम्ही चुलीपुढे. हे बोलायचं कसं ते मला कळत नव्हतं. म्हणून त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तुमच्या घरी आले. तुम्ही स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होतात. भिंतीवर तुमच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरहून येताना आणलेला तो फोटो होता, चष्म्यातला, कोटातला. "काहून आली व? घरी मालूम हाये का?" मी हो म्हटलं. घरी माहीत नव्हतं. आमच्या घरातून कोणी तुमच्या वस्तीत जात नसे, आणि गेलंच तर पाणी पीत नसे. तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तुम्ही चहा ठेवला, कप माझ्यापुढे सरकवलात, आणि मी प्याले की नाही हे पाहायला थांबला नाहीत. सरळ ताटातले खडे काढत सांगायला लागलात. मी चहा प्याले. घरी सांगितलं नाही.

"कपात सूचना आण," तुम्ही म्हणालात. "भोजनाच्या मागणीत चार आणे कमी करा म्हण."

"चार आण्यानं काय होईल, बाई?"

"काहीच नाही. पैसे वाचवायले नाही आणत ते. उत्तर मागायले आणते. दिल्लीत शंभर रुपये कमी करा म्हणतेत. एवढ्या मोठ्या देशाच्या हिशोबात शंभर रुपये! पण ती सूचना आली की मंत्र्याले उभं राहा लागते अन् सांगा लागते. तुले जे विचारायचं हाये ते त्या चार आण्याच्या मांगं ठेव."

दुसऱ्या दिवशी मी उभी राहिले. सूचना वाचली. अर्थमंत्री हसला. "चार आण्यानं का होते व? चार आण्यात तं धड भजे बी येत नाही." सतरंजी खदखदली. तुम्ही टेबलावर डस्टर आपटून म्हणालात, "सभासदांनी उत्तर मागितलं आहे, भाव नाही." मी विचारलं की स्वयंपाक फक्त मुलींनी का करायचा. तो म्हणाला, "पोरींले येते म्हणून." मी म्हटलं, पडदा बांधता आम्हालाही येतो. मग तुम्ही अध्यक्षाच्या खुर्चीतून, अगदी सहज, नियम सांगितलात की कपात सूचना मंजूर झाली तर सभागृहाचा सरकारवर विश्वास उरला नाही असा अर्थ होतो, आणि मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागतो. वर्गात मुली तेवीस होत्या, मुलं सव्वीस, आणि या सगळ्यांतले बारा जण बाहेर व्हरांड्यात बसलेले, बहुतेक मुलंच. त्यानं मनातल्या मनात बेरीज केली. ती त्याच्या चेहऱ्यावर आम्हाला दिसली. तो झटकन म्हणाला, "भाजी चिरणं, पाणी आणणं, वाढणं पोरं करतीन. आश्वासन देतो." टाळ्या पडल्या आणि मी फुशारून सूचना मागे घेतली.

वर्ग सुटल्यावर तुम्ही मला थांबवलंत. मला वाटलं शाबासकी. "काहून वापस घेतली तू? त्यानं तोंडानं सांगतलं अन् तू मानलं? आधी कार्यवृत्तात लिहून घ्या लागते, मंग बसा लागते." मी रडले. मग आपण दोघींनी त्या अर्थमंत्र्याला सायकल स्टँडवर गाठून वहीत लिहून घेतलं, आणि त्यानंही जीभ चावत सही केली. गॅदरिंगच्या दिवशी मुलांनी चिरलेली वांगी इतकी मोठी होती की एकेका ताटात एकेक बसली. खाताना सगळा वर्ग हसत होता, आणि सगळ्यांत जास्त तोच.

नागपूरला मी वर्तमानपत्रात लागले, पुढे दिल्लीच्या कचेरीत बदली झाली, तेव्हा तुम्ही पवनीच्या स्टँडवर आला होतात. पिशवीत चिन्नोरचा नवा तांदूळ. "दिल्लीच्या भाताले वास नसते म्हणते," एवढंच बोललात. बसच्या कंडक्टरला मात्र सांगितलंत, "हे आमची पोरगी. लोकसभेत बसाले चालली." तो दचकला. "खासदार हायेत का बाई?" तुम्ही म्हणालात, "नाही, खासदारांवर नजर ठेवाले."

पत्रकारांच्या गॅलरीतून पहिल्यांदा खाली पाहिलं तेव्हा मला हिरवा गालिचा दिसला नाही, सतरंजी दिसली. हे मी इतक्या वर्षांत कोणाला सांगितलं नाही, लोक हसले असते. पण बाई, मला ती जागा कधी परकी वाटली नाही. माझ्या बाजूला इंग्रजी शाळांत शिकलेले, मोठमोठ्या घरांतले वार्ताहर बसायचे, आणि अनुदानाच्या मागण्या चालू झाल्या की कंटाळून चहाला जायचे. मी बसून राहायचे. मागच्या बाकावरचा कोणीतरी, ज्याचं नाव दुसऱ्या दिवशी कुठेच छापून येणार नव्हतं, शंभर रुपयांची कपात सूचना घेऊन उभा राहायचा आणि त्याच्या मतदारसंघातल्या एखाद्या बंद पडलेल्या दवाखान्याबद्दल विचारायचा. आणि ज्याच्या मागेपुढे गाड्या धावतात असा मंत्री कागद चाळत उभा राहायचा. उत्तर दर वेळी चांगलं असायचं असं नाही. पण उभं राहावं लागायचं. सभागृहानं कायदा करून दिल्याशिवाय सरकारला देशाच्या तिजोरीतून रुपया काढता येत नाही आणि कोणावर कर बसवता येत नाही, हे वाक्य तुम्ही फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्यात. त्या दोन रेघांवर मी माझं सगळं आयुष्य काम केलं. मला त्याचा अभिमान आहे, आणि तो मी आता लपवत नाही.

मग ते वर्ष. दिल्लीतलं माझं पहिलंच, नेमणूक तात्पुरती, सहा महिन्यांची. कायम करतील की परत नागपूरला धाडतील हे ठरायचं होतं. मागण्यांच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी गिलोटिन झालं. बातमी तासाभरात टेलिप्रिंटरवर जायला हवी होती. आपल्याकडच्या धानाचं पाणी ज्या खात्यावर अवलंबून, त्याची मागणीही त्या गठ्ठ्यात होती, म्हणून भंडाऱ्याच्या वाचकांसाठी मी ती वेगळी काढली. आणि गेले पंधरा दिवस दर संध्याकाळी जे लिहीत होते तेच बोटांनी लिहिलं: 'सविस्तर चर्चेअंती मंजूर.' एक अक्षर चर्चा झाली नव्हती. मी स्वतः तिथे बसले होते. घाईत सवयीनं पडलेलं वाक्य. दिल्लीत कोणाच्या लक्षात आलं नाही. मागण्या मंजूर झाल्या हे तर खरंच होतं, आणि त्या कशा मंजूर झाल्या याची कोणाला पडली होती?

तुम्हाला पडली होती. पाच दिवसांनी तुमचं आंतरदेशीय पत्र आलं. ती बातमी तुम्ही नववीला वाचून दाखवली होतीत. आपल्या शाळेची मुलगी हे लिहिते, म्हणून. कोणकोण बोललं, आपल्या भागातून कोणी बोललं का, हे पुढच्या तासाला सांगते असं कबूल केलंत. रात्री रेडिओवर संसदेचा आठवड्याचा आढावा लावलात तर त्यात ती मागणी बिनचर्चेची निघाली. पत्रात रागाचा एक शब्द नव्हता. 'मी वर्गाला सांगितले की बातमीत चूक आहे. तू कळव, रेडिओची चूक आहे की तुझी. माझ्या ऐकण्याची असेल तर फार बरे.' आणि खाली, जागा संपत आली म्हणून कडेला आडवं, घरच्या बोलीत: 'लोकाइले वाटन का बोलले म्हणून. अन् कोणी बोललंच नाही.'

ते कडेचं वाक्य वाचून मला जे कळलं ते त्याआधी पुस्तकातून कळलं नव्हतं. चर्चा झाली असं छापलं की पाणी मागणारा माणूस समजतो, आपलं म्हणणं मांडून झालं, आता गप्प बसावं. झाली नाही असं छापलं तर तो आपल्या खासदाराला विचारू शकतो, तुम्ही त्या दिवशी कुठे होतात. त्या दोन शब्दांनी मी कितीतरी लोकांचा प्रश्न त्यांच्या हातातून काढून घेतला होता. आणि तुम्हाला, ज्यांनी मला प्रश्न विचारायला शिकवलं त्यांना, भर वर्गात माझी चूक सांगायला लावली होती.

मी दिल्ली कचेरीच्या प्रमुखांकडे गेले. त्यांना सगळे साहेब म्हणत. चूक झाली, दुरुस्ती छापा, असं सांगितलं. त्या काळी आमच्याकडे असं कोणी आपण होऊन करत नसे. तक्रार आली, वकिलाची नोटीस आली, तरच चार ओळी, त्याही आतल्या पानावर. साहेबांनी त्या पहिल्या पानावर छापल्या. नागपूरला परत जायची तयारी मी मनाशी केली होती. महिन्याभरात कायम झाल्याचं पत्र हातात आलं, आणि पुढची सगळी वर्षं अर्थसंकल्पाचं काम माझ्याकडेच राहिलं. साहेब नव्या लोकांना सांगायचे, "चूक कशी सांगायची ते हिच्याकडून शिका."

तुम्ही ते कात्रण वर्गाच्या फळ्याशेजारी चिकटवलंत. तुमचं पुढचं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की घड्या फाटल्यात. 'माझ्या सगळ्या नोकरीत मला इतका आनंद कधी झाला नाही,' असं त्यात आहे. वर्षभरानं तुम्ही गेलात. मला बातमी उशिरा कळली, मी पोचले तेव्हा तुमचे भाऊ तुमची पुस्तकं शाळेला द्यायला बांधत होते.

तुम्ही गेल्यावर खूप बदललं, ते सांगायला तुम्ही हव्या होतात. आता अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला सकाळीच येतो. सभागृह घरी बसून दिसतं. खात्यांच्या मागण्या मताला येण्याआधी दोन्ही सभागृहांच्या स्थायी समित्या त्या बंद दाराआड तपासतात, सचिवांना बोलावून विचारतात. त्यांचे अहवाल कोणी वाचत नाही, मी वाचते. पुष्कळदा त्यांत पक्ष विसरून एकमुखानं लिहिलेलं असतं की या खात्यानं मागच्या वर्षीचे पैसे नीट खर्च केलेले नाहीत. म्हणून कालचं गिलोटिन पाहून मी निराश झाले नाही. वाईट वाटलं, ते दर वर्षी वाटतं. लेखात मी कोणत्या मागण्या बोलल्याशिवाय गेल्या त्यांची नावं लिहिणार आहे आणि त्यांवरच्या समितीच्या अहवालात काय होतं तेही. आपल्याकडची मुलं वाचतील, विचारतील. मला जमतं ते एवढंच, आणि ते तुमचं आहे.

साडेबारा झालेत. हा कागद लेखासोबत जाणार नाही, दुसरीकडे कुठे पाठवण्यासारखा पत्ताही माझ्याकडे नाही. तरी एक गोष्ट राहिली आहे, आणि मला भाषणाला बोलावतात तेव्हा मी तीच तेवढी गाळते. त्या दिवशी साहेबांनी माझं बोलणं पूर्ण ऐकलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "कोणी लक्षात आणून दिलं?" पवनीच्या एका मास्तरीणबाईंनी रेडिओ ऐकून दिल्लीच्या वार्ताहराला पकडलं, असं सांगायला काय हरकत होती? त्यांना ते आवडलंच असतं. तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं आणि पर्स माझ्या मांडीवर होती.

मी म्हटलं, "कोणी नाही. माझं मलाच दिसलं."